मधली सायकल

३ मार्च, मंगळवार

कालव्यापलीकडची बस आजपासून बंद. पाइप टाकायला मोठा रस्ता उभाच्या उभा खणलाय, आणि तो कधी बुजेल हे खणणाऱ्यालाही माहीत नाही. राहिली ती कालव्याकाठची खडीची वाट आणि पलीकडचे गल्लीबोळ. तिथून माणूस जाईल, सायकल जाईल, बाकी काही नाही.

दवाखान्यात मोठ्या बाई म्हणाल्या, "पलीकडचे पेशंट इकडे येऊ देत. येत नसतील तर रस्ता होईपर्यंत थांबू देत." म्हणायला काय जातंय! पलीकडे माझे चौघं आहेत. एकाला जिना उतरता येत नाही. एका आजींना उंबऱ्याबाहेर नेलं की रडू फुटतं. आणि गेलेली वाचा काही कपाटात ठेवल्यासारखी जागच्या जागी राहत नाही.

लोक विचारतात, वाचा-उपचार म्हणजे तुम्ही नेमकं करता काय? मी सांगते, झटक्याने नाहीतर अपघाताने ज्यांची बोली गेली त्यांना पुन्हा बोलतं करते. यावर धाकटी म्हणते, "तुझ्यासमोर बसून कुणाला बोलायला सवड मिळत असेल असं वाटत नाही." धाकटी म्हणजे माझी बहीण. बदली होऊन या गावात आले तेव्हापासून तिच्याच माडीवर राहते, म्हणून ऐकून घेते.

जेवताना तिच्या नवऱ्याने, म्हणजे आमच्या जावईबापूंनी, तोडगा काढला. "ताई, माझी सायकल न्या." मी म्हटलं, नववीत शेवटची चालवली होती. तर म्हणाले, "सायकल आणि पोहणं कोणी विसरत नाही."

५ मार्च, गुरुवार

विसरतं. गुडघा सोलवटलाय.

१० मार्च, मंगळवार

आज गेले. पोचले असं म्हणवत नाही.

जावईबापूंची सायकल शर्यतीची आहे. रविवारी पहाटे चकचकीत कपडे घालून ते तिच्यावर कुठेतरी जातात आणि येताना भूक घेऊन येतात. हँडल मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं, त्यामुळे माझं तोंड सारखं पुढच्या चाकाकडे. समोर काय येतंय ते बघायला मान वर काढावी लागते, कासवासारखी. डांबरावर मात्र काय पळते! पुलापर्यंत मला वाटलं, आपण उगाच घाबरत होतो. मग कालव्याची खडी लागली. टायर माझ्या बोटाएवढं. दात वाजायला लागले, आणि पंपहाउसच्या जरा पुढे फुस्स. कॅरिअर नसल्यामुळे कार्डांची पिशवी गळ्यात होती. पुढचं सगळं चालत, सायकल ढकलत.

पहिलं घर मास्तरांचं. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांचं सायकलीचं दुकान आहे, आणि अर्ध्या गावाला त्यांनीच सायकल शिकवली म्हणून मास्तर. मागच्या ऑगस्टमध्ये झटका आला. उजवा हात अर्धा गेला आणि बोलणं पुरतं गेलं. समजतं सगळं. डोळे बघितले की कळतं, आत माणूस जागा आहे. पण तोंडातून येतं ते एवढंच, "ते... ते... ते." आणि चिडले की एक "छ्या!" रागलोभाचे असे उद्गार मेंदूत वेगळ्या जागी राहतात, ते बहुतेकांचे टिकतात. इतके दिवस मी त्यांना कप, कंगवा, गाय अशी चित्रं दाखवतेय आणि इतके दिवस ते "छ्या" म्हणून तोंड फिरवतायत.

आज मी घामाघूम होऊन दारात सायकल टेकवली. खिडकीजवळच्या खुर्चीत मास्तर बसले होते. त्यांनी आधी सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा सायकलीकडे. कपाळावर आठी. "छ्या!" मग ओठ घट्ट मिटले, मान ताठ झाली आणि दगड फोडल्यासारखा आवाज आला.

"चूक!"

मी पिशवी खाली टाकली. काकू, त्यांची बायको, चहाचा कप घेऊन येत होत्या, त्या दारातच खिळल्या. मी म्हटलं, "काका, काय म्हणालात? पुन्हा म्हणा. काय चूक? सायकल चूक? च... चू..." झालं. एवढ्या मोठ्याने आणि एवढं भराभर विचारलं की पुन्हा "ते ते ते" सुरू.

धाकटीचं खरं आहे की काय?

काकूंनी कप तिथेच ठेवला. बाहेर गेल्या. परत निघाले तेव्हा पंक्चर निघालेलं होतं. म्हणाल्या, "शेजाऱ्याला सांगितलं." हात मात्र कोपरापर्यंत काळे. बिचाऱ्या, चूल-भांडी, आजारी नवरा, बंद पडत चाललेलं दुकान, सगळं एकटीवर.

१७ मार्च, मंगळवार

शेजारच्यांनी डोंगरातली सायकल दिली. टायर मगरीच्या पाठीसारखे, पुढचे दांडे स्प्रिंगवर. खडी तिने अशी खाल्ली की मला पत्ताही लागला नाही. पण डांबरावर ती भुंग्यासारखी घुंघुं करत चिखलातून चालल्यासारखी चालते, आणि प्रत्येक पायडलला स्प्रिंग खाली-वर, खाली-वर. निम्मी ताकद झोपाळ्यातच गेली. पुलाच्या चढावर एक आजोबा चालत माझ्या पुढे गेले. वर मागे वळून "सावकाश या" म्हणाले.

मास्तरांनी खिडकीतून बघितलं. मी आज ठरवूनच गप्प राहिले. ते बराच वेळ ओठांशी झगडत होते. जीभ दाताखाली धरून ठेवणं इतकं कठीण असतं हे मला माहीत नव्हतं.

"ज... जड."

मी फक्त मान हलवली. आणि मग बाथरूममध्ये जाऊन दार लावून जरा रडले. दुसरं काही नाही, उन्हातून आले होते.

१९ मार्च, गुरुवार

चित्रं काढायच्या आत मास्तर काठी घेऊन उठले. मला वाटलं पडतात. काकू म्हणाल्या, "जाऊ दे त्यांना." घराच्या पुढच्या अंगाला दुकान. शटर अर्धवट ओढलेलं, आत तेलाचा आणि रबराचा वास. कितीतरी सायकली उलट्या टांगलेल्या. कोपऱ्यात चादर टाकलेली एक होती, तिच्यावर काठी आपटली. काकूंनी चादर काढली.

दिसायला काहीच विशेष नाही. करड्या रंगाची, सरळ हँडल, ना शिंगं ना स्प्रिंगा. मी म्हटलं, "ही कुठली?" मास्तरांनी तोंड उघडलं, "हा... हा..." आणि अडकले. काकू म्हणाल्या, "हायब्रिड. आजारी पडायच्या आधी आणली होती, कोणी बघितलीच नाही. शर्यतवाल्यांना ती मठ्ठ वाटते आणि डोंगरवाल्यांना नाजूक."

मला ना शर्यत लावायची ना डोंगर चढायचा. घेऊन टाकली. मास्तरांनी मला तिच्याशेजारी उभं केलं, सीट माझ्या कमरेला लावून बघितली आणि बोटाने खूण केली, वर, अजून वर, बास. पाना काकूंनी फिरवला. जरा उलटाच फिरवत होत्या, मास्तरांनी "छ्या" केलं तेव्हा सुलटा फिरवला.

२४ मार्च, मंगळवार

नवी सायकल आणि लगेच तक्रार! सकाळी घरून निघाले तेव्हा घंटी नीट होती. मास्तरांकडचा तास संपवून बाहेर आले तर लटकतेय. खडीने हादरून सैल झाली असणार. काकूंना म्हटलं, "जरा बघता का?" तर म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? त्यांनाच विचारा."

सायकल ढकलत खिडकीशी नेली. मास्तरांनी बघितलं, आणि सरळ, जणू काल-परवापर्यंत म्हणत होते तसं म्हणाले, "घंटी." मग हात पुढे करून, "पा... पाना."

काकूंच्या एप्रनच्या खिशात पाना होताच. सवयीने घेऊन फिरत असतील.

२६ मार्च, गुरुवार

आज स्टँड. "स्टँड" हा शब्द जोडाक्षराने सुरू होतो, असे शब्द त्यांना दगडासारखे लागतात. "टँड" म्हणाले. चालेल. पळेल!

७ एप्रिल, मंगळवार

या सायकलीचं काही कळत नाही. गेल्या आठवड्यात सीट फिरली, मग मागचं मडगार्ड खडखडायला लागलं, आज कॅरिअरचा एक स्क्रूच गायब. ब्रेक आणि चाकं मात्र ठणठणीत, देवाची कृपा. जावईबापू म्हणाले, "ताई, स्वस्तातला माल गळ्यात मारलाय तुमच्या." मला राग आला. चालवायला ती इतकी गुणी आहे! डांबरावर शर्यतीच्या सायकलीसारखी नाही पळत, पण दमवत नाही. खडीवर उड्या मारते, पण फुटत नाही. गिअर हलका केला की पुलाचा चढ बसल्या बसल्या चढते. ते आजोबा परवा दिसले. मी घंटी वाजवून पुढे गेले आणि वळून "सावकाश या" म्हटलं. ते खदखदून हसले.

आणि या तक्रारींचा एक फायदा. प्रत्येक वेळी मास्तरांना एक नवा शब्द काढावा लागतो. कंगवा अजून येत नाही, पण स्क्रू आला, "कुरू" असा का होईना. मी मोठ्या बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "चांगलं आहे, पण माणूस दिवसभर स्क्रू म्हणून जगणार आहे का?"

१४ एप्रिल, मंगळवार

आमच्याकडे एक पद्धत आहे. अडलेला शब्द मधोमध ठेवायचा आणि त्याच्या भोवतीने फिरायचं. ही वस्तू कोणत्या जातीची, कशासाठी, कशी दिसते, कुणासारखी नाही. भोवतीचं बोलता आलं की मधलं कधीतरी सुटतं. आज कप आणि गाय पिशवीतच ठेवली आणि माझीच सायकल खोलीत आणली. काकूंनी फरशीवर पोतं अंथरलं, म्हणजे त्यांची हरकत नव्हती. पण आज पहिल्यांदा त्या बसल्याही, दाराशी, पाय पोटाशी घेऊन.

"ही शर्यतीची का नाही, काका?"

आणि गप्प बसले. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं.

"हँडल," मास्तर म्हणाले.

"हँडल कसं?"

डावा हात आडवा धरला. "स... सरळ."

"सरळ असलं की काय होतं?"

ते खुर्चीत पाठ सरळ करून बसले, हात पुढे धरले, जणू चालवतायत, आणि खिडकीबाहेर डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "दिसतं."

इतकं खरं आहे ते! त्या दिवशी पुलावरून मी फक्त माझं चाक बघत गेले होते.

"मग डोंगरातली का नाही?"

"हलकी." मग माझा अंगठा धरून टायरवर टेकवला. टायर अंगठ्याहून जरा रुंद. "मधलं." चाकाच्या घेरावरून हात फिरवला. "मोठं." चाक शर्यतीच्या सायकलीएवढंच मोठं आहे, ते मी आज पहिल्यांदा बघितलं. मग कॅरिअरचे स्क्रू, मडगार्ड, एकेकावर बोट. "पिशवी. चिखल." पिशवी नेता येते, चिखल उडत नाही. शर्यतीच्या सायकलीला हे बसवायची भोकंच नसतात.

मला चेव चढला. मी म्हटलं, "म्हणजे दोन्हींपेक्षा चांगलीच म्हणायची!"

"छ्या!" मास्तर एवढे चिडले की काठी पडली. मान जोरात हलवली. "शर्यत... नाही. डोंगर... नाही." मग बराच वेळ काही नाही. कपाळावर घाम. मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी त्यांनी सीटवर हात ठेवला, मुलाच्या डोक्यावर ठेवतात तसा.

"रोज."

दाराशी काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तेलाचा हात लागला असेल डोळ्याला.

२८ एप्रिल, मंगळवार

वाईट दिवस. मोठ्या बाई स्वतः आल्या तपासायला, खडीवरून चालत. त्यांचंही बरोबर आहे, नव्या पेशंटची रांग लागलेली असते आणि आम्ही तिघीच. त्यांनी चित्रं मांडली. कप, कंगवा, गाय, छत्री. मास्तरांनी पहिल्याला "ते ते", दुसऱ्याला "ते ते", तिसऱ्याला भिंतीकडे तोंड. मी म्हटलं, बाई, जरा सायकलीबद्दल विचारा. त्या म्हणाल्या, "घरातल्यांशी बोलता येतं का, काही मागता येतं का, काही विचारता येतं का? शब्द आहेत हे दिसतंय. पण समोरच्याकडे जाणारं बोलणं कुठे आहे?"

बाहेर आल्यावर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तू फार जीव लावतेस. पालथ्या घड्यावर पाणी असं मी म्हणत नाही. पण मेच्या मध्यापर्यंत बघू, मग ही वेळ दुसऱ्या कुणाला देऊ."

म्हणत नाही म्हणत म्हणाल्याच.

आणि काकूंनी सांगितलं, थोरला येतोय. त्यांचा मुलगा, दूर नोकरीला असतो. दुकान बंद करायचं, जागा द्यायची आणि दोघांना स्वतःकडे न्यायचं, असं त्याने ठरवलंय. काकू हे सांगताना डाळ निवडल्यासारख्या शांत. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. पण त्यांनाही सुटका हवी असणार. मग मीच कशाला सायकल हाणत येतेय?

३० एप्रिल, गुरुवार

जाऊ नये असं वाटत होतं. गेले.

काकूंनी ओट्याशी उभ्या उभ्या एकदम म्हटलं, "झटक्याच्या आधीही माझ्याशी कुठे बोलायचे? दिवसभर दुकानात सायकलींशी नाहीतर गिऱ्हाइकांशी बोलायचे. मी आतून ऐकायची. तेवढं पुरायचं मला." मग विचारलं, "तुमच्या सायकलीचं बरं चाललंय ना? काही सैल?" मी म्हटलं, आज काही नाही. "बरं," म्हणाल्या आणि चहा गाळायला लागल्या.

मला काय बोलावं सुचेना. मला! धाकटीला सांगितलं तर तिने तारीख लिहून ठेवायला सांगितली.

५ मे, मंगळवार

आज एकही प्रश्न विचारला नाही. खिडकीशी सायकल लावली आणि मास्तरांच्या शेजारी नुसती बसले. समोरच्या गल्लीतून लोक जात होते. 

"टायर मऊ," मास्तर म्हणाले.

बसल्या जागेवरून, नुसतं बघून! दाबून पाहिलं, खरंच मऊ.

"हवा भर."

दोन-दोन शब्दांची जोडी! आणि ती मला उद्देशून! पंप आणला. मी हापसत होते आणि ते बघत होते. "पुरे." मग गल्लीतून एक दूधवाला गेला त्याच्याकडे बोट, "चेन कोरडी." एक मुलगी गेली, "सीट खाली." गावातल्या प्रत्येक सायकलीचं दुखणं त्यांना दिसतंय आणि नऊ महिने ते आत कोंडून बसले होते.

मी चित्रं दाखवत होते, गाईची!

१२ मे, मंगळवार

हल्ली सायकलीचं काहीच सैल होत नाही. बहुधा मला चालवायला जमू लागलं.

मास्तर थोडं थोडं बोलतात, पण मी सुरुवात केली तर, नाहीतर काही बिघडलेलं दिसलं तर. मोठ्या बाईंनी म्हटलं ते मनातून जात नाही. विचारत नाहीत काही. पाणी हवं तर पेल्याकडे बघतात. थोरला काल आलाय. चांगला मुलगा आहे, वडिलांचे पाय चेपत होता. म्हणाला, "तुम्ही खूप केलंत. पण दुकान म्हणजे बोलणं, आणि आता कोण बोलणार?"  मी म्हटलं, गुरुवारी येते. शेवटचीच वेळ असेल.

१४ मे, गुरुवार

आज अक्षर वाईट येणार आहे. क्रमाने लिहिते.

गेले तेव्हा शटर पुरतं वर होतं. थोरला टेप घेऊन भिंती मोजत होता. मास्तर दुकानात स्टुलावर, पाठ भिंतीला, डोळे मिटलेले. काकू एका जुन्या सायकलीशी काहीतरी करत होत्या. मी माझी सायकल लावतेय तोच एक बाई आत आली. तिशीची असेल, खांद्याला जड पिशवी. उघडं शटर बघून आली असणार. तिने इकडेतिकडे बघितलं आणि थोरल्यालाच दुकानदार समजून म्हणाली, "ती जाड टायरची केवढ्याला? मजबूत दिसतेय, तीच द्या."

थोरला म्हणाला, "ताई, दुकान बंद..."

स्टुलाचा पाय घासल्याचा आवाज आला. मास्तर उठले होते. काठी घेऊन, उजवा पाय ओढत, ते त्या बाईच्या समोर जाऊन उभे राहिले. तिच्याकडे बघितलं, तिच्या पिशवीकडे बघितलं, चपलांना लागलेल्या धुळीकडे बघितलं. ओठ मिटले. मान ताठ झाली.

मला माहीत होतं काय अडलंय. पहिलं अक्षर सांगितलं असतं तर सुटलं असतं. थोरला पुढे सरकला, "बाबा, असू दे, मी सांगतो..." मी त्याचं मनगट धरलं. इतकं घट्ट की नंतर त्याने चोळलं. पलीकडून काकूंनीही हात वर केला, थांब म्हणून.  ती बाईसुद्धा, तिचं कौतुक, घाई न करता उभी राहिली.

"रस्ता..." मास्तर म्हणाले. श्वास घेतला. "रस्ता... कुठला?"

प्रश्न. त्यांनी प्रश्न विचारला! अनोळखी माणसाला, आपणहून, कोणी न सुचवता.

ती बाई सहज म्हणाली, "शाळेत शिकवते हो मी. निम्मा डांबरी आहे, मग कालव्याची खडी." तिला काय माहीत आपण कशाचं उत्तर देतोय.

"रोज?"

"रोजच. वह्यांचा गठ्ठा घेऊन."

मास्तरांनी जाड टायरच्या सायकलीवर काठी टेकवली. "जड." शर्यतीच्या सायकलीवर टेकवली. "फुटेल." मग वळले आणि माझ्या सायकलीचं हँडल डाव्या हाताने धरून तिच्यापुढे केलं. "मग... अशी घ्या."

"ही? ही दिसायला साधीच आहे. हिला म्हणतात काय?"

 तो शब्द! "हाय..." मास्तर म्हणाले. "हाय... हाय..." लाल झाले. मला वाटलं आता "ते ते ते" येणार आणि सगळं मुसळ केरात. पण ते थांबले. आणि हसले. ऑगस्टपासून त्यांना कोणी हसताना बघितलं नव्हतं.

"नाव मोठं," ते म्हणाले. "सायकल साधी."

ती बाई आधी हसली. मग काकू. मग मी, आणि मला हसणं थांबवता येईना. थोरला टेप हातात धरून उभा होता. टेप आपोआप सुटून सर्रकन आत गेली तरी त्याला कळलं नाही. तो म्हणाला, "बाबा, हे... हे कधीपासून?"

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "सीट धर."

थोरल्याने सीट धरली. बाईच्या कमरेला लावून बघितली. वर, अजून वर, बास. काकूंनी पाना फिरवला, आज पहिल्याच झटक्यात बरोबर. मग एप्रनला हात पुसून मुलासमोर उभ्या राहिल्या. "दुकान कुठे जात नाही. तशी आणखी एक मागवायची, या बाईंसाठी. पंक्चर, चेन, ब्रेक मी बघते. बोलायचं हे बघतील."

"आई, तुला हे कधी येत होतं?"

"आता येतं. दोन महिने तेच तर चाललंय माझं. सैल कर, घट्ट कर, सैल कर, घट्ट कर." आणि का कोण जाणे, माझ्याकडे बघून त्यांनी मान खाली घातली. दुकानातल्या जुन्या सायकलींवर हात बसवत असतील. एवढ्या कष्टाची बाई, आणि मी तिला उदासीन समजत होते.

शिक्षिकाबाई शनिवारी यायचं कबूल करून गेल्या. थोरला टेप खिशात घालून बाहेर गेला, कुणाला तरी फोन करून सांगत होता, "नाही, जागा द्यायची नाहीये. अहो, नाही म्हणजे नाही." मीही मोठ्या बाईंना फोन लावला. "बाई, उद्या याल का? पण चित्रं आणू नका. आणि तुम्हाला सायकल हवी असेल तर विचार करून या, कारण इथे तुम्हाला प्रश्न विचारला जाईल."

त्यांनी आधी वेळ विचारली. मग म्हणाल्या, "खडीवरून चालत यायचा मला कंटाळा आलाय, हे खरं आहे."

मला तिथून निघवेना. आणखी काहीतरी बोलतील, आणखी एखादं गिऱ्हाईक येईल, आणखी एक प्रश्न ऐकायला मिळेल. एक ओळखीचा ब्रेक दाखवायला आलाच, आणि मास्तर त्याला म्हणाले, "कधीपासून?" मी दाराशी उभी राहून ऐकत होते, नाटकाला फुकट आल्यासारखी.

तेवढ्यात त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं. घड्याळाकडे बघितलं. पलीकडे माझ्या आजी वाट बघत होत्या, आणखी दोघं होते.

"बाई," मास्तर म्हणाले. आजवर त्यांनी मला कधी हाक मारली नव्हती.

"काय, काका?"

"उशीर झाला. जा आता."

आणि पाठ फिरवून ब्रेककडे वळले. मला कामावरून कोणी इतक्या चांगल्या शब्दांत हाकललं नव्हतं. मी पिशवी कॅरिअरला बांधली आणि निघाले.